गट न धरता पक्षात काम करता येतं का? (मराठवाडा काँग्रेस)

बिलोलीचा_पोरगा
मंडळी, सरळ विचारतो. नांदेड जिल्ह्यातल्या एका तालुक्यात मी काँग्रेसचं काम करतो. वडील शेकापचे (शेतकरी कामगार पक्ष), मी एनएसयूआयमधून, म्हणजे काँग्रेसच्या विद्यार्थी संघटनेतून आलो. फेब्रुवारी २०२४ मध्ये अशोकराव चव्हाण भाजपमध्ये गेले, त्यांच्यामागे आमच्याकडचे बरेच पदाधिकारी गेले. आम्हाला वाटलं, आता मागं राहिलेले तरी एका दिलानं काम करतील. वर्षभरात त्यांचेही दोन गट झाले. एक तालुकाध्यक्षांचा, दुसरा एका माजी जिल्हा परिषद सदस्याचा. बैठकीचे निरोप वेगळे, व्हॉट्सॲप ग्रुप वेगळे, मुंबईहून निरीक्षक आले तर हारसुद्धा दोन. मला दोन्हीकडून एकच विचारणा, "तू कुणाचा?" पक्षाचा म्हटलं की दोघंही बोलावणं बंद करतात.

माझं मत स्पष्ट आहे. मराठवाड्यात काँग्रेसला विरोधकांनी जेवढं पाडलं नाही तेवढं घरातल्यांनी पाडलं. विधानसभेच्या ४६ जागा आपल्या विभागात, आणि २०२४ ला पक्षाचा आमदार एकच, लातूर शहरातून. तर दोन प्रश्न. गट न धरता काम करता येतं का? आणि गट मोडायचे असतील तर सुरुवात कुठून करायची?

एक विनंती, कुणाचं नाव घेऊन घाण बोलू नका.

शेंगदाणा_चटणी
पहिल्याचं उत्तर, नाही येत. दुसऱ्याचं सापडलं तर मलाही कळवा.

मांजराकाठ
बिलोलीकर, तळमळ समजते, पण निदान पटत नाही. मी लातूरचा, वय सत्तरीच्या पुढं. गट नव्हते असा काळ मी बघितलेला नाही. गट होते तेव्हाच पक्ष जोरात होता.

विलासराव देशमुख १९९५ ला लातूरला जनता दलाच्या शिवाजीराव कव्हेकरांकडून पडले. १९९६ ला पक्षाच्या विरोधात विधान परिषदेला उभे राहिले, तिथंही पडले. आजच्या हिशोबानं त्यांचं राजकारण तिथंच आटोपायला हवं होतं. पण ते पक्षात परतले, १९९९ ला निवडून आले आणि त्याच वर्षी मुख्यमंत्री झाले. बंड केलेल्या माणसाला परतायला वाट होती आणि परतल्यावर पानात वाढलेलं होतं. शंकरराव चव्हाणांचंही तेच. १९७८ च्या धामधुमीत त्यांनी महाराष्ट्र समाजवादी काँग्रेस काढली, शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात अर्थमंत्री झाले, नंतर इंदिरा काँग्रेसमध्ये परतले आणि १९८६ ला पुन्हा मुख्यमंत्री.

त्याच डिसेंबरात शरद पवारांची समाजवादी काँग्रेस औरंगाबादला राजीव गांधींच्या समोर पक्षात विलीन झाली. त्या दिवशी मी गर्दीत होतो. आठ वर्षं एकमेकांना पाण्यात पाहणारे कार्यकर्ते एकाच जीपमधून आले होते. मनं जुळली होती असं अजिबात नाही. पण भांडायचं ते आता घरात, एवढं सगळ्यांना मान्य होतं.

म्हणून म्हणतो, गट असण्यात वाईट काही नाही. हरलेल्या गटाला घरात जागा उरली नाही, तिथं बिघडलं.

वसमतची_हळद
मांजराकाठ काका, घरात जागा म्हणता, पण निलंग्यात घरच फुटलं की. शिवाजीराव पाटील निलंगेकर काँग्रेसचे माजी मुख्यमंत्री, आणि २००४ ला त्यांना पाडलं नातवानं, भाजपच्या तिकिटावर. त्याच वर्षी त्यांच्या सूनबाई रूपाताईंनी लोकसभेला शिवराज पाटील चाकूरकरांना पाडलं. ह्याला गट म्हणायचं का भाऊबंदकी?

मांजराकाठ
दोन्ही. आमच्याकडं वेगळं करता येत नाही. आजोबांनी २००९ ला नातवाकडून जागा परत घेतली हेही लिहा. आणि आता २०२४ ला चाकूरकरांच्या सूनबाई भाजपकडून लातूर शहरात अमित देशमुखांविरुद्ध उभ्या होत्या. पडल्या, पण लढत तगडी झाली.

कंधारी_माळ
वडील शेकापचे म्हणालात म्हणून लिहितो, कारण शेकापचा जन्मच ह्या प्रश्नातून झाला. समाजवाद्यांनी १९३४ ला काँग्रेस समाजवादी पक्ष काढला तो काँग्रेसच्या आत राहून. शेकाप काढणाऱ्या केशवराव जेधे-शंकरराव मोरे मंडळींचाही गट आतलाच होता. स्वातंत्र्य मिळालं आणि काँग्रेसनं ठरवलं की पक्षात दुसरा संघटित पक्ष चालणार नाही. समाजवादी १९४८ ला बाहेर पडले, शेकापही त्याच सुमारास उभा राहिला. म्हणजे डावीकडं झुकलेली, शेतकऱ्यांच्या बाजूनं बोलणारी माणसं काँग्रेसनं गटबंदीच्या नावाखाली गमावली.

फायदा कुणाला झाला? १९७७ ला नांदेड लोकसभा केशवराव धोंडगे यांनी जिंकली, लातूर उद्धवराव पाटलांनी. दोघंही शेकापचे. काँग्रेसनं पोटात ठेवायचा तो विचार समोर उभा राहून लढला. आणि बाहेर पडलेल्यांचं तरी काय झालं? शेकाप मराठवाड्यात एकेका घरापुरता, एकेका तालुक्यापुरता उरला. दोघांचंही नुकसान. गट हाकलून पक्ष शुद्ध करू म्हणणाऱ्यांनी हा हिशोब आधी मांडावा.

गोदातीर
+१. हैदराबाद स्टेट काँग्रेसमध्येसुद्धा मवाळ-जहाल होतेच. स्वामी रामानंद तीर्थांचा गट एकीकडं, बी. रामकृष्णरावांचा दुसरीकडं. निजामाशी लढायचं कसं ह्यावर भांडत होते. त्या भांडणाला विषय होता. आता आमच्या तालुक्यात कशावरून भांडण आहे विचारलं तर कुणाला सांगता येत नाही.

बिलोलीचा_पोरगा
@गोदातीर, हेच तर! आमच्या दोन्ही गटांत धोरणाचा काडीमात्र फरक नाही. सोयाबीनच्या भावावर दोघं एकच बोलतात, पीक विम्यावर एकच, आरक्षणावर दोघंही गप्प. मग भांडण कशाचं?

सोसायटीचा_सचिव
मी सांगतो. नाव बघून कळलंच असेल, ह्यात वीस वर्षं गेली.

भांडण ठरावाचं आहे. जिल्हा बँकेच्या संचालकाला गावातले शेतकरी थेट निवडून देत नाहीत. प्रत्येक विविध कार्यकारी सोसायटी एका माणसाच्या नावानं ठराव करते आणि तोच मतदान करतो. म्हणजे तालुक्यात शंभर सोसायट्या असतील तर शंभर माणसं हातात ठेवली की संचालक तुमचा. आणि ती शंभर माणसं हातात राहावीत म्हणून प्रत्येक गावची सोसायटी हातात लागते. त्यासाठी गावात पॅनल लागतं. समोरचंही पॅनल आपल्याच पक्षातलं असतं, कारण गावपातळीवर चिन्ह नाही. ग्रामपंचायतीलाही पक्षाचं चिन्ह नसतं. एकाच पक्षाची दोन पॅनलं गावात एकमेकांची डोकी फोडतात, आणि विधानसभेला तीच माणसं एकाच बूथवर शेजारी बसवायची असतात.

ठरावाची बैठक कधी बघितलीय? सकाळी अकराची नोटीस. साडेदहालाच सात संचालक एका गाडीतून येतात, रात्रभर कुठंतरी नेऊन ठेवलेले. डोळे लाल, अंगावर कालचेच कपडे. सही करून परत गाडीत. दुसऱ्या बाजूचे सहा जण पारावरून बघत राहतात. ते सहा पुढची पाच वर्षं विसरत नाहीत. विधानसभेला उमेदवार त्या सातांच्या नेत्याचा असेल तर हे सहा उघड विरोध करत नाहीत. फक्त मतदाराच्या चिठ्ठ्या वाटत नाहीत. मी स्वतः मतदानाच्या दिवशी चार वाजता एका घराच्या दिवळीत चिठ्ठ्यांचा गठ्ठा पाहिलाय. रबरसुद्धा काढलेलं नव्हतं. ह्याला आमच्याकडं आतून काम करणं म्हणतात.

ह्यात विचारधारा शोधू नका. ह्यात पीककर्ज आहे, खताचा रेक आहे, बाजार समितीतला गाळा आहे.

शेंगदाणा_चटणी
सचिव साहेब, हा प्रतिसाद छापून तालुका कार्यालयात लावला पाहिजे. पण कुठल्या तालुका कार्यालयात? आमच्याकडं दोन आहेत.

माहूरची_लेक
एवढे प्रतिसाद झाले आणि एकही बाई बोललेली नाही म्हणून लिहिते.

स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये ५० टक्के जागा महिलांच्या आहेत. तरी "तू कुणाची" हा प्रश्न मला वेगळ्या पद्धतीनं विचारतात, "तुमचे मिस्टर कुणाकडं असतात?" मी बारा गावांत बचत गट उभे केले, बायका मला नावानं ओळखतात. आमचा गण (पंचायत समितीचा मतदारसंघ) महिलांसाठी सुटला तेव्हा एका गटानं त्यांच्या नेत्याच्या भावजयीचं नाव पुढं केलं, दुसऱ्यानं त्यांच्या नेत्याच्या पत्नीचं. दोघींपैकी एकीनंही कधी बैठक घेतलेली नव्हती. समझोता झाला तोही असा की ह्या वेळी भावजय, पुढच्या वेळी पत्नी. दोन्ही गट आयुष्यात पहिल्यांदा एकमतानं वागले ते मला बाजूला सारायला.

मांजराकाठ काका, घरात सगळ्यांना जागा होती म्हणता, ती पुरुषांना होती. मला तुमचा काळ परत नको आहे.

मांजराकाठ
ताई, तुमचं म्हणणं बिनतोड आहे. मी फक्त एवढंच जोडतो की तुमच्यासारखीला गट उभा करता आला पाहिजे, बारा गावांतल्या बायकांचा. त्यालाही गटबाजीच म्हणतील, म्हणू द्या.

वकील_अंबाजोगाई
गट आधी आत राहायचे आणि आता बाहेर का जातात, ह्याला कायद्याचंही एक कारण आहे. १९८५ ला पक्षांतरबंदी आली तेव्हा एक तृतीयांश आमदार फुटले तर ते वैध धरलं जायचं. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनं ती सवलत काढली, आता दोन तृतीयांश आणि तेही विलीनीकरण लागतं. हेतू चांगला होता, फूट थांबावी. पण ठरवून फुटणारे एक तर राजीनामा देऊन निघतात किंवा पक्षच आमचा असा दावा करतात. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादीचं काय झालं ते बीड जिल्ह्यानं घराघरात बघितलं. धनंजय मुंडे अजितदादांबरोबर, संदीप क्षीरसागर शरद पवारांबरोबर. नाव आणि घड्याळ एका गटाला मिळालं, दुसऱ्याला तुतारी घेऊन पहिल्यापासून सुरुवात. आणि तरी लोकसभेला तुतारीचे बजरंग सोनवणे साडेसहा हजारांनी निवडून आले.

दुसरं कारण पक्षांतर्गत निवडणूक. काँग्रेस अध्यक्षपदासाठी २००० नंतर थेट २०२२ ला मतदान झालं. खर्गे ७,८९७, थरूर १,०७२. देशपातळीवर बावीस वर्षांत एकदा, तर तालुकाध्यक्षाला कोण मत मागणार? तो वरून नेमला जातो. नेमणुकीचं पत्र ज्याच्या वशिल्यानं आलं, त्याचा तो माणूस. हरलेल्या गटाला मतं मोजून हरवलेलंच नसतं. मोजणी झाली असती तर पुढच्या खेपेची आशा राहते. नेमणुकीत ती राहत नाही.

जालना_मोसंबी
कायदा बिगदा ठीक, पण खरं बोला. कारखाना विरोधात बसून चालत नाही. कर्जाला थकहमी राज्य सरकार देतं. ती अडली की गाळप अडतं, गाळप अडलं की ऊसवाला दारात. नेता जातो त्याच्यामागं हे असतंय. गट बिट नंतर.

सोसायटीचा_सचिव
@जालना_मोसंबी, पटलं. पण मग प्रत्येक कारखानदार गेला असता. काही राहिलेत, मांजरा पट्ट्यात बघा. थकहमी हे कारण आहे, पण एकटं नाही.

वसमतची_हळद
विषयांतर करतो, माफी असावी. माळेगावच्या जत्रेत ह्या वर्षी कोण कोण जाणार? खंडोबाच्या दारात तरी सगळे गट एका रांगेत दिसतात.

कंधारी_माळ
रांगेत दिसतात खरे, पण कुस्त्यांच्या फडात इनाम लावताना बघा. एकानं अकराशे लावले की दुसरा एकवीसशे पुकारतोच. पहिलवानांचं भलं होतं, एवढं मात्र आहे.

गोदातीर
पुन्हा विषयाकडं येऊ. नांदेडचं २० नोव्हेंबर २०२४ चं मतदान मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतं. काँग्रेसचे वसंतराव चव्हाण लोकसभा जिंकून काही महिन्यांतच वारले, त्यामुळं पोटनिवडणूक विधानसभेबरोबरच आली. एकच दिवस, एकच बूथ, दोन यंत्रं. लोकसभेला काँग्रेसचे रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी निवडून आले. आणि जिल्ह्यातल्या नऊच्या नऊ विधानसभा महायुतीनं जिंकल्या. त्याच माणसानं त्याच पाच मिनिटांत एक बटण इकडं दाबलं, एक तिकडं.

हे गटबाजीशिवाय कसं समजावून सांगणार? लोकसभेचा उमेदवार कुठल्याच तालुक्याच्या गटाला नडत नव्हता. विधानसभेचा उमेदवार प्रत्येक ठिकाणी कुणाच्या तरी विरोधातला होता.

जालना_मोसंबी
लाडक्या बहिणीचे पैसे. दीड हजार. संपला विषय.

माहूरची_लेक
@जालना_मोसंबी, नाही संपत. पैसे मिळालेल्या बाईकडं दोन्ही यंत्रं होती. पैशामुळंच सगळं ठरलं असतं तर लोकसभाही गेली असती. मी माझ्या गावांत विचारलं. लोकसभेला वसंतरावांची सहानुभूती होती. विधानसभेला आमच्या उमेदवाराचं नाव बायकांना मतदानाच्या दोन दिवस आधीपर्यंत माहीत नव्हतं. पत्रकं दोन गटांच्या भांडणात अडकली होती.

बिलोलीचा_पोरगा
आमच्याकडं तेच. उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवशी तीनच्या आत एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचं पत्र, पोचला पाहिजे. मागं एका निवडणुकीत अडीच वाजले तरी फॉर्म कुणाच्या हातात आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. तहसीलच्या फाटकात दोन इच्छुक, दोघांच्या अंगावर पक्षाचं उपरणं, दोघंही फोनवर. एकाला मिळाला. दुसऱ्यानं अपक्ष म्हणून अर्ज ठेवला आणि आम्ही दोघांनाही पडताना बघितलं. हे बघून कुणी नवीन पोरगं पक्षात येईल का?

गोदावरी_खोरं
सगळे गटांना शिव्या घालायलेत, मी दुसरी बाजू मांडतो. मराठवाड्याला जे मिळालं ते आपल्या नेत्याचा मुंबईत गट होता म्हणून मिळालं. शंकरराव चव्हाणांनी पाटबंधारे खातं सांभाळलं. जायकवाडीची पायाभरणी १९६५ ला शास्त्रीजींच्या हस्ते, उद्घाटन १९७६ ला इंदिराजींच्या, तेव्हा शंकरराव मुख्यमंत्री. वसंतदादांशी त्यांचं जमत नव्हतं हे जगाला ठाऊक. पण पश्चिम महाराष्ट्राच्या साखरेच्या ताकदीपुढं मागासलेल्या विभागाचा माणूस टिकला तो मागं माणसं होती म्हणून. आपल्या विभागाचे चारही मुख्यमंत्री, शंकरराव, निलंगेकर, विलासराव, अशोकराव, सगळे नांदेड-लातूरचे आणि सगळे काँग्रेसचे. गट नसता तर पाणी आलं नसतं.

जालना_मोसंबी
नांदेड-लातूरचे, हेच दुखणं. जालना, परभणी, हिंगोली, बीडला काय मिळालं? दोन जिल्ह्यांच्या ओढाताणीत बाकीचे बघे राहिले. विभागीय आयुक्तालयावरून दोन्ही जिल्हे किती वर्षं भांडले ते सगळ्यांनी बघितलंय.

गोदावरी_खोरं
ते मान्यच करावं लागेल. आयुक्तालयाच्या वादात दोघांच्याही हाती काही लागलं नाही. पण २०१४ च्या लाटेत अख्ख्या महाराष्ट्रातून काँग्रेसचे दोनच खासदार आले, नांदेड आणि हिंगोली. दोन्ही मराठवाड्यातले. हिंगोलीला राजीव सातव १,६३२ मतांनी. म्हणजे बाकीच्या जिल्ह्यांतही माती कसदार होती. राजीवभाऊ २०२१ ला गेले तेव्हा आम्ही पक्षापलीकडचंही बरंच गमावलं. ते कुणाच्या गटाचे म्हणून ओळखले जायचे नाहीत.

वसमतची_हळद
कळमनुरीच्या राजीवभाऊंबद्दल लिहिलंत, बरं वाटलं. पंचायत समितीपासून चढत गेलेला माणूस. बिलोलीकर, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथं थोडंफार आहे.

वकील_अंबाजोगाई
थोडंफारच. पंचायत समितीची पायरी होती म्हणून चढता आलं. २०२२ च्या सुरुवातीला जिल्हा परिषदा, पंचायत समित्यांच्या मुदती संपल्या आणि वर्षानुवर्षं प्रशासक बसले. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये आदेश दिल्यावर हालचाल झाली. मधल्या काळात तिशीतल्या कार्यकर्त्यानं करायचं काय? जो गट रोजचं काम देईल त्याच्या दारात जाऊन बसायचं. सत्तेतल्या पक्षाकडं द्यायला काम होतं, आपल्याकडं फक्त सतरंज्या.

सोसायटीचा_सचिव
बिलोलीच्या पोरा, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही म्हणून लिहितो. गट मोडायच्या नादाला लागू नकोस, मोडत नाहीत. दोन्ही गटांना ज्याच्याशिवाय चालणार नाही असं एक काम हातात घे. मतदार यादी. तुझ्या गणातल्या प्रत्येक बूथची यादी घे, मेलेली नावं, दुबार नावं, लग्न होऊन गेलेल्या मुली, पुण्याला कामाला गेलेली पोरं, सगळं घरोघरी फिरून लिहून काढ. आमच्याकडं अशी वही असलेला एक माणूस आहे. त्याला कुणी "तू कुणाचा" विचारत नाही. उमेदवार कुठल्याही गटाचा असो, अर्ज भरला की आधी त्याच्या घरी येतो.

माहूरची_लेक
आणि यादी बायकांना बरोबर घेऊन कर. कोण कुठं नांदायला गेली हे पुरुषांना माहीत नसतं.

मांजराकाठ
एक अट जोडा सचिव साहेब. वही तयार झाली की फुकट देऊ नका. दोन्ही गटांना सांगा, तालुकाध्यक्ष मतदानानं निवडा, बूथप्रमुखांच्या हातून, चिठ्ठ्या टाकून. हरणाऱ्याला कार्याध्यक्ष करा. वकील साहेब म्हणतात तसं, मोजून हरलेला माणूस पक्ष सोडत नाही. निदान लगेच सोडत नाही.

शेंगदाणा_चटणी
वरचे लोक मान्य करतील?

मांजराकाठ
वरच्यांना कळवायचं ते निकाल लागल्यावर.

बिलोलीचा_पोरगा
सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. गट वाईटच, हे माझं मत अजूनही बदललेलं नाही, पण चिठ्ठ्या टाकून निवडण्याची कल्पना मला पटली. आमच्या गणात ३१ बूथ आहेत. रविवारी पाच गावांपासून यादीचं काम सुरू करतोय, दोन्ही ग्रुपवर एकच निरोप टाकलाय. एका गटाचे तिघं येतो म्हणालेत, दुसऱ्याचा अजून एकच. ताई, बचत गटांच्या बायकांशी बोलायचं कसं ते मला व्यनि (खाजगी निरोप) करा, माझी त्यांच्यात ओळख नाही.

माहूरची_लेक
केला व्यनि. दुपारी दोननंतर जा, सकाळी सगळ्या शेतात असतात.

कंधारी_माळ
आणि वडिलांना बरोबर घे. शेकापच्या जुन्या लोकांना प्रत्येक घराची चूल माहीत असते.

जालना_मोसंबी
आमच्याकडं पण करायचंय हे. बूथनिहाय यादी तहसीलला मागायची का ऑनलाइन निघते?

सोसायटीचा_सचिव
मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफ मिळते, भाग क्रमांक टाकून. पण छापील घ्या आणि समासात लिहायला मोकळी जागा ठेवा. मोबाईलवर वाचून दारात उभं राहिलं की लोक बोलत नाहीत.